संगणकाचे पहिले दोन सेकंद

घरातला दिवा लागला नाही तर आपण काय करतो? लगेच भिंत फोडून तारा उपसत नाही. प्रथम शेजारच्या खोलीतला दिवा लागतो का ते पाहतो. तो लागला तर घरात वीज आहे हे कळते. मग बल्ब बदलतो, बटण पाहतो, फ्यूज तपासतो. प्रत्येक पायरीवर आपण एक प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळाले की संशयाचे क्षेत्र लहान होते. हीच दोष शोधण्याची शास्त्रीय रीत.

पण संगणक सुरू झाला नाही की भले भले ही रीत विसरतात. 'चिप गेली' असे एक वाक्य उच्चारले जाते आणि यंत्र भंगारात जाते, किंवा नको ते भाग बदलून चांगले यंत्र बिघडवले जाते. खरे पाहता बंद पडलेला संगणकही मुका नसतो. तो कोठवर पोचला आणि कोठे अडला, याच्या खुणा तो पडद्यावर ठेवतो. त्या वाचायच्या कशा, हे आपण एका जुन्या घरगुती संगणकाच्या उदाहरणाने पाहू.

कोणता संगणक?

आजच्या संगणकात इतक्या गोष्टी एकाच वेळी घडतात की सुरुवातीचे टप्पे डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. म्हणून आपण झेडएक्स स्पेक्ट्रम हे यंत्र घेऊ. इंग्लंडमधील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने ते एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणले. त्याची विद्युत् रचना रिचर्ड ऑल्टवासर यांची आणि आतली कायमची आज्ञावली मुख्यतः स्टीव्ह व्हिकर्स यांची. १६ के स्मृतीच्या यंत्राची सुरुवातीची किंमत १२५ पौंड आणि ४८ के स्मृतीच्या यंत्राची १७५ पौंड होती. (येथे १ के म्हणजे १,०२४ बाइट.) पडदा म्हणून घरचाच दूरचित्रवाणी संच जोडायचा. भारतात १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने याचीच एक आवृत्ती विकली. एखाद्या घराच्या पोटमाळ्यावर किंवा शाळेच्या कपाटात असे यंत्र अजूनही सापडू शकते.

आत कोण कोण आहे?

दोष शोधण्यापूर्वी घरातली माणसे ओळखून घ्यावीत.

पहिला प्रोसेसर. याचे नाव झेड-८० ए. हा एका वेळी एक आज्ञा वाचतो आणि पाळतो. याला ताल देणारे घड्याळ सेकंदाला ३५ लाख ठोके देते.

दुसरी रॉम, म्हणजे कायमची स्मृती. वीज गेली तरी हिच्यातला मजकूर पुसला जात नाही. स्मृतीतल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांकित घर आहे असे समजा. ० ते १६,३८३ या क्रमांकांची घरे रॉमची.

तिसरी रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती. १६,३८४ ते ६५,५३५ ही घरे रॅमची. यातील १६,३८४ ते ३२,७६७ या भागाला खालची रॅम म्हणू आणि त्यापुढच्या भागाला वरची रॅम. खालच्या रॅमच्या आरंभीच पडद्यावरच्या चित्राची जागा आहे. १६,३८४ पासून ६,१४४ घरांत चित्राचे ठिपके असतात आणि त्यापुढच्या ७६८ घरांत रंग.

चौथी यूएलए नावाची चिप. क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या कंपनांतून प्रोसेसरला ताल देणे, कळफलकाची खबर ठेवणे आणि सेकंदाला ५० वेळा पडद्याची स्मृती वाचून चित्र काढणे, ही हिची कामे. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा : चित्र यूएलए काढते, प्रोसेसर नव्हे. प्रोसेसर झोपला असला तरी यूएलए स्मृतीत जे काही असेल ते इमानाने पडद्यावर दाखवीत राहते.

निरोगी यंत्र काय करते?

प्रथम निरोगी यंत्राची ओळख हवी. नाडी कशी चालते हे ठाऊक नसेल तर ताप कसा ओळखणार? ४८ के स्मृतीच्या स्पेक्ट्रमला वीज दिली की क्रमाने पुढील गोष्टी दिसतात :

(१) चित्राभोवतीची किनार पांढरी होते.
(२) मधल्या भागात काळ्यावर बारीक लाल उभ्या रेषा क्षणभर चमकतात.
(३) मधला भाग सेकंदभर काळा राहतो.
(४) सारा पडदा पांढरा होतो आणि तळाशी '© १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश उमटतो.

हे सारे दोन सेकंदांच्या आत आटोपते. डोळ्याला एवढे टिपता आले नाही तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने चित्रण करून ते संथ गतीने पाहावे. या चार खुणा म्हणजे आपले चार साक्षीदार. शेवटची कोणती खूण दिसली ते पाहिले की दोष त्यापुढच्या टप्प्यात शोधायचा.

पायरी पहिली : वीज

चौघांपैकी एकही साक्षीदार दिसला नाही, तर आधी यंत्राबाहेरच्या गोष्टी तपासा. दूरचित्रवाणी संच स्पेक्ट्रमच्या लहरी पकडतो आहे का? या लहरी यूएचएफ पट्ट्यातील ३६ व्या चॅनेलवर असतात आणि त्या जुन्या, अॅनलॉग पद्धतीच्या असतात. केवळ डिजिटल लहरी घेणाऱ्या नव्या संचावर त्या दिसणारच नाहीत. यंत्र चांगले आणि संच परका, असा हा प्रकार.

नंतर अॅडॉप्टर. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. परंतु त्याच्या पिनेचा मध्यभाग ऋण आणि बाहेरचा भाग धन असतो. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अॅडॉप्टरांत नेमके याच्या उलट असते. '९ व्होल्ट' एवढेच वाचून दुसरा अॅडॉप्टर लावला तर चांगले यंत्र क्षणात जखमी होते. म्हणून जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने ध्रुव तपासलेच पाहिजेत.

आत शिरलेल्या ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करण्याचे काम ७८०५ नावाचा रेग्युलेटर करतो. उरलेला दाब तो उष्णतेत घालवतो. समजा ०.८ अँपिअर प्रवाह वाहतो आहे. तर उष्णतेत जाणारी शक्ती (९ − ५) × ०.८ = ३.२ वॉट. म्हणूनच त्याला अॅल्युमिनियमचा पत्रा लावलेला असतो आणि यंत्राचा तेवढा भाग गरम लागतो. गरम लागणे हा दोष नव्हे. उलट यंत्र अगदी थंड असेल तर प्रवाह वाहतच नाही अशी शंका घ्यावी. आणखी एक गोष्ट : ५ व्होल्ट स्थिर ठेवायला या रेग्युलेटरला आत येणारा दाब निदान ७ व्होल्ट लागतो. अॅडॉप्टर थकला आणि भार पडताच त्याचा दाब ७ व्होल्टच्या खाली घसरला, तर यंत्र मध्येच भोवळ आल्यासारखे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

खालच्या रॅमच्या चिप्सना मात्र एकट्या ५ व्होल्टवर भागत नाही. त्यांना +५, +१२ आणि −५ असे तीन दाब लागतात. शेवटचे दोन दाब एक लहान ट्रान्झिस्टर आणि तारेचे वेटोळे मिळून तयार करतात. हा ट्रान्झिस्टर जळणे हा या यंत्राचा नेहमीचा आजार आहे. तो जळला की वीज 'आहे' असे भासते, पण खालची रॅम अचेतन होते आणि चित्र बिघडते. −५ व्होल्ट नाहीसे होऊन +१२ व्होल्ट तसेच राहिले, तर या चिप्स जळूही शकतात. म्हणून 'रॅम गेली' असे समजून नव्या चिप्स बसवण्याआधी तिन्ही दाब मोजावेत. नाहीतर रोग तसाच राहतो आणि नव्या चिप्सचाही बळी जातो.

पायरी दुसरी : पहिली आज्ञा

वीज आली म्हणजे लगेच काम सुरू झाले असे नाही. दाब शून्यापासून चढत असताना प्रोसेसर धड जागा नसतो, धड झोपलेला नसतो. त्या अवस्थेत त्याने काम सुरू केले तर तो भरकटेल. यासाठी एक रोधक आणि एक धारित्र यांची साधी जोडी योजलेली असते. धारित्र हळूहळू भारित होते, आणि ते पुरेसे भारित होईपर्यंत प्रोसेसरला थोपवून धरले जाते. रोध आणि धारिता यांचा गुणाकार म्हणजे कालस्थिरांक, हे तुम्ही पदार्थविज्ञानात शिकता. उदाहरणादाखल २ लाख ओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतले तर हा काळ ०.२ सेकंद येतो. यंत्र बंद करून लगेच सुरू केले तर ते नीट उठत नाही, पण दहा सेकंद थांबून सुरू केले तर उठते, असे कधी कधी घडते. घाईने वीज परत दिली तर धारित्र रिकामे व्हायला वेळ मिळत नाही, हे त्याचे एक कारण.

थोपवणे संपले की झेड-८० नेहमी शून्य क्रमांकाच्या घरातली आज्ञा वाचतो. ते घर रॉममध्ये आहे. तेथून पहिल्या काही आज्ञा वाचून तो ४,५५५ क्रमांकाच्या घराकडे उडी घेतो आणि खरे काम सुरू करतो.

आता समजा पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन आणि पट्टे यांची गोधडी दिसते आहे आणि ती जराही हलत नाही. पाहणारा म्हणतो, 'सगळे संपले!' पण जरा विचार करा. चित्र दिसते, अर्थात वीज आहे, घड्याळ चालते आणि यूएलए जिवंत आहे. वीज आल्यावर रॅमच्या घरांत जो केरकचरा होता तोच यूएलए दाखवते आहे, कारण तो झाडायला प्रोसेसर आलेलाच नाही. मग संशय उरला तो प्रोसेसर, रॉम, त्यांच्यामधल्या तारा आणि थोपवणारी जोडी एवढ्यांवरच. भयानक दिसणाऱ्या चित्राने आपले निम्मे काम हलके केले.

पायरी तिसरी : पांढरी किनार

किनारीचा रंग रॅममध्ये नसतो. तो यूएलएच्या पोटात असतो, आणि प्रोसेसरने सांगितले तरच तो ठरतो. वीज आल्यापासून सातवी आज्ञा ही 'किनार पांढरी कर' अशी आहे. पहिल्या सात आज्ञांना घड्याळाचे ५० ठोके लागतात. ५० ला ३५ लाखांनी भागले तर सुमारे १४ मायक्रोसेकंद होतात. एवढ्या अल्प काळात सात आज्ञा नीट पाळल्या गेल्या, याचे प्रमाणपत्र म्हणजे ती पांढरी किनार.

मात्र येथे सावधपणा हवा. वीज आल्याबरोबर, कोणी सांगण्यापूर्वीच, यूएलएने योगायोगाने पांढरा रंग धरला असेल तर? त्यामुळे एकट्या किनारीवर विसंबू नये. तिच्या पाठोपाठ लाल रेषा दिसल्या किंवा मधला भाग काळा झाला, तर मात्र प्रोसेसर नक्की चालला. एका साक्षीदाराला दुसऱ्याचा दुजोरा मिळाला की पुरावा भक्कम होतो.

पायरी चौथी : स्मृतीची मोजदाद

यानंतर प्रोसेसर सबंध रॅमची तपासणी करतो. तिची रीत फार गमतीची आहे. तो ६५,५३५ या शेवटच्या घरापासून उलट चालत येतो आणि प्रत्येक घरात २ हा अंक लिहीत १६,३८४ पर्यंत पोचतो. मग पुन्हा वर चढताना प्रत्येक घरातल्या अंकातून १ वजा करतो, आणि परत १ वजा करतो. पहिल्या वजाबाकीनंतर शून्य आले नाही आणि दुसऱ्या वजाबाकीनंतर बरोबर शून्य आले, तर घर चांगले. पहिले नापास घर लागले की मोजणी तेथेच थांबते.

आता लाल रेषांचे रहस्य उलगडेल. द्विमान पद्धतीत २ हा अंक ००००००१० असा लिहितात. पडद्यावर प्रत्येक बिट म्हणजे एक ठिपका. त्यामुळे दर आठ ठिपक्यांत उजवीकडून दुसरा ठिपका पेटतो. पडदा २५६ ठिपके रुंद आहे, म्हणून ३२ उभ्या रेषा होतात. रंगांच्या घरांतही २ लिहिलेला असतो आणि रंगांच्या भाषेत त्याचा अर्थ 'काळ्यावर लाल' असा आहे. वजाबाकी सुरू झाली की ठिपक्यांच्या घरांत शून्य येते, रेषा पुसल्या जातात आणि पडदा काळा होतो. म्हणजे तपासणी चक्क आपल्या डोळ्यांसमोर होते!

रॅमच्या चिप्स आठ-आठच्या ओळीने बसवलेल्या असतात आणि प्रत्येक चिप सर्व बाइटमधला एकच ठरावीक बिट सांभाळते. समजा खालच्या रॅममधील बिट क्रमांक ५ ची चिप कायम १ वर चिकटली आहे. (बिट उजवीकडून ०, १, २ असे मोजतात. बिट ५ ची किंमत ३२.) मग प्रत्येक घरात २ ऐवजी ३४, म्हणजे ००१०००१० दिसेल. परिणामी दर आठ ठिपक्यांत एकाऐवजी दोन लाल रेषा येतील, आणि रंगांच्या घरांतल्या ३४ चा अर्थ 'हिरव्यावर लाल' असल्याने पार्श्वभूमी हिरवी होईल. पहिलेच घर नापास झाल्यामुळे यंत्र पुढे काय करील हे सांगता येत नाही. कधी असे चित्र पडद्यावर राहते, कधी यंत्र पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. परंतु रेषा मोजणाऱ्याला दोषी चिप कोणती ते यंत्र न उघडता कळले.

संदेश लवकर आला तर?

या तपासणीला किती वेळ लागतो, याचे गणित करू. एका घरात अंक लिहिण्याला ३२ ठोके आणि तपासण्याला ८४ ठोके, मिळून ११६ ठोके लागतात. घरे ४९,१५२. गुणाकार ५७,०१,६३२. याला ३५ लाखांनी भागा : सुमारे १.६ सेकंद. पडद्याची स्मृती यूएलएही वाचत असल्याने प्रोसेसरला मधूनमधून थांबावे लागते, म्हणून प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ लागतो.

आता वरची रॅम आरंभीच, म्हणजे ३२,७६८ क्रमांकाच्या घरातच, नापास झाली असे धरा. लिहिण्याचे काम पूर्ण होते, त्याला ०.४५ सेकंद. तपासणी मात्र १६,३८४ घरांनंतर थांबते, तिला ०.३९ सेकंद. एकूण ०.८४ सेकंद! याचा अर्थ संदेश निम्म्याच वेळात येतो. वरवर पाहता यंत्र चपळ झाले असे वाटेल. प्रत्यक्षात त्याने आपली दोन-तृतीयांश स्मृती गमावलेली असते. ते तक्रार करीत नाही, अंथरूण पाहून पाय पसरते. पुढे मोठी आज्ञावली भरली की मात्र '४ आउट ऑफ मेमरी' असा निरोप मिळतो आणि वापरणारा आज्ञावलीलाच दोष देत बसतो.

खात्री करून घेणे सोपे आहे. तपासणीत सापडलेल्या शेवटच्या चांगल्या घराचा क्रमांक यंत्र २३,७३२ आणि २३,७३३ या घरांत लिहून ठेवते. म्हणून ही आज्ञा द्यावी :

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

उत्तर ६५५३५ आले तर तपासणी पूर्ण झाली. ३२७६७ आले तर यंत्र १६ के स्मृतीचे आहे, किंवा त्याची वरची रॅम आजारी आहे. मधलाच एखादा आकडा आला तर त्याच्या पुढचे घर दोषी.

चाचणीला न दिसणारे दोष

येथवर वाचून कोणी म्हणेल, '६५५३५ आले, म्हणजे रॅम निर्दोष!' थांबा. हे विधान तपासून पाहू.

समजा एका घरातला बिट ५ कायम ० वर चिकटला आहे. त्यात २ लिहिला. २ मध्ये बिट ५ मुळातच ० आहे, त्यामुळे २ बरोबर उतरला. एक वजा केला, १ आला. परत एक वजा केला, ० आला. घर पास! बिट ५ ला '१ हो' असे कोणी सांगितलेच नाही, मग त्याची असमर्थता दिसणार कशी?

असा हिशेब आठही बिटांचा करता येतो. प्रत्येक बिट ० वर किंवा १ वर चिकटू शकतो, म्हणजे एका घरात १६ प्रकारचे दोष संभवतात. बिट ० आणि बिट १ चे चारही दोष पकडले जातात. बिट २ ते ७ हे १ वर चिकटले तर तेही सहा दोष पकडले जातात. पण तेच सहा बिट ० वर चिकटले तर चाचणीला ते दिसत नाहीत. सोळांपैकी दहा सापडले, सहा निसटले.

याचा अर्थ चाचणी वाईट होती असा नाही. यंत्र १६ के स्मृतीचे आहे की ४८ के, स्मृती कोठे संपते, हे ती चोख शोधते. पण तिने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्या तोंडी घालणे ही आपली चूक होईल. 'दोष सापडला नाही' आणि 'दोष नाही' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. हे अंतर प्रयोगशाळेत, दवाखान्यात आणि परीक्षेच्या निकालपत्रातही तेवढेच असते.

अशी सबंध चिपच निकामी असेल तर तपासणीत पास होऊनही यंत्र पुढे कोलमडते, कारण त्याच्या स्वतःच्या नोंदी त्याच रॅममध्ये असतात. पण एखादेच घर दोषी असेल तर संदेश बिनदिक्कत येतो आणि दोष दडून राहतो. त्याला शोधायला अधिक कडक प्रश्न विचारावा लागतो. ८५ म्हणजे ०१०१०१०१ आणि १७० म्हणजे १०१०१०१०. हे दोन्ही अंक लिहून वाचले की प्रत्येक बिटाला एकदा ० आणि एकदा १ व्हावेच लागते. प्रथम 'क्लिअर ३९९९९' अशी आज्ञा देऊन त्यापुढील जागा मोकळी करा आणि ही आज्ञावली चालवा :

१० फॉर एन = ४०००० टू ६५३६७
२० पोक एन, ८५ : इफ पीक एन <> ८५ देन प्रिंट एन
३० पोक एन, १७० : इफ पीक एन <> १७० देन प्रिंट एन
४० नेक्स्ट एन

काम संपायला काही मिनिटे लागतील. पडद्यावर क्रमांक उमटला, तर ते घर दोषी.

संदेश आला, पण कळा मुक्या

कळफलकाच्या ४० कळांना ४० स्वतंत्र तारा नसतात. आठ तारा आडव्या आणि पाच उभ्या अशी जाळी असते व प्रत्येक कळ एका छेदबिंदूवर बसते. ८ × ५ = ४०. तारा म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावरील वाहक पट्ट्या. जुनेपणामुळे पापुद्रा कडक होतो आणि वाकल्या जागी पट्टी तडकते.

एकच कळ बंद असेल तर दोष त्या छेदबिंदूचा. १, २, ३, ४, ५ या पाचही कळा एकदम गेल्या तर एक आडवी पट्टी तुटली. आणि १, ०, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट व स्पेस या आठ कळा एकदम गेल्या तर एक उभी पट्टी. या आठ कळा फलकाच्या दोन टोकांना विखुरलेल्या दिसतात, म्हणून नवखा माणूस आठ दोष शोधत बसतो. जाळीची रचना जाणणाऱ्याला दोष एकच दिसतो.

इतर यंत्रांचे काय?

यंत्र बदलले की खुणा बदलतात, रीत बदलत नाही. भारतातील शाळांसाठी १९८४ मध्ये 'क्लास' ही संगणक-साक्षरता योजना सुरू झाली. तिच्यात बीबीसी मायक्रो हे यंत्र वापरले गेले. ते सुरू करताच आधी एक खालचा सूर आणि मग एक आखूड उंच सूर ऐकू येतो. वीज मिळताच ध्वनीची चिप आपोआप वाजू लागते आणि प्रोसेसर कामावर रुजू झाला की तिला गप्प करतो. त्यामुळे पहिलाच सूर अखंड वाजत राहिला, तर प्रोसेसर कामावर आला नाही हे कानाने कळते. पडद्यावर 'लँग्वेज?' एवढाच प्रश्न आला तर मूळ यंत्रणा जागी आहे, पण तिला बेसिक भाषेची रॉम सापडलेली नाही. बहुधा ती चिप खोबणीत नीट बसलेली नसते. १९८२ च्याच कमोडोर ६४ वर '३८९११ बेसिक बाइट्स फ्री' असे येते. हा आकडा कमी दिसला तर रॅमकडे बोट जाते. आजच्या संगणकांतही वीज देताच अशीच स्वतःची तपासणी होते. दोष सापडला तर काही यंत्रे ठरावीक वेळा 'बीप' वाजवतात, काही दिवे लुकलुकवतात.

काही पथ्ये

हे सारे करताना शिक्षक किंवा जाणती व्यक्ती जवळ असावी. अॅडॉप्टर उघडू नये, त्यात घरातल्या विजेचा दाब असतो. जुन्या काचेच्या नळीच्या दूरचित्रवाणी संचाला तर कधीही हात घालू नये. बंद केल्यानंतरही त्यात घातक दाब शिल्लक राहू शकतो.

स्पेक्ट्रमच्या मागे जोडलेली सारी उपकरणे आधी काढून टाका आणि नुसते यंत्र सुरू करून पाहा. ते चालले तर दोष उपकरणात किंवा जोडणीत आहे. वीज चालू असताना मागे काहीही लावू किंवा काढू नका. तेथील धातूच्या पट्ट्या काळवंडल्या असतील तर स्पिरिटात बुडवलेल्या बोळ्याने पुसून वाळू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय दिसले ते वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालले, तर कोणत्या औषधाने गुण आला हे कधीच कळणार नाही.

यंत्र दुरुस्त झाले तर आनंदच आहे. न झाले तरी 'चिप गेली' या मोघम वाक्याच्या जागी 'खालच्या रॅमचा बिट ५ कायम १ वर आहे' असे नेमके वाक्य तुमच्या वहीत असेल. ते वाचून जाणकार माणूस एक चिप बदलील आणि सबंध यंत्र वाचेल.

विचार करा

(१) खालच्या रॅममधील बिट ७ कायम १ वर चिकटला तर प्रत्येक घरात २ ऐवजी कोणता अंक दिसेल? जादा रेषा आठ ठिपक्यांत कोठे येईल?
(२) एका यंत्रावर उत्तर ४०९५९ आले. दोषी घराचा क्रमांक कोणता? त्याच्या संदेशाला साधारण किती वेळ लागला असेल?
(३) एखादी तार तुटल्यामुळे दोन वेगवेगळे क्रमांक एकाच घराकडे जाऊ लागले. दोन वजा करण्याच्या चाचणीत हा दोष सापडेल का? कागदावर करून पाहा.
(४) चाचणीत २ ऐवजी २५५ लिहून तो एकदाच वाचला असता, तर सोळांपैकी कोणते दोष निसटले असते?